सी-प्लेनची सक्ती नको, आणि पायलटच्या 'नाही'चा भुर्दंड आमच्या माथी नको : अलास्का टूर विकणाऱ्यांना खुलं पत्र

अलास्काच्या ग्रुप टूर काढणाऱ्या समस्त मंडळींना,

नमस्कार.

मागच्या जूनमध्ये मी आई-बाबांना घेऊन तुमच्यापैकीच एका कंपनीबरोबर अलास्काला जाऊन आले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण भांडण एकट्या तिच्याशी नाही, नंतर मी अजून तिघांचे कार्यक्रम शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि अटी सगळ्यांच्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या निघाल्या. तर झालं असं की गेल्या आठवड्यात पुढच्या सीझनचं माहितीपत्रक हातात पडलं आणि त्यात केचिकान या बंदराच्या गावातली सी-प्लेन राइड, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या छोट्या विमानातली फेरी, जी आमच्या वेळी ऑप्शनल होती, ती आता 'पॅकेजमध्ये समाविष्ट' झालीये. आणि खाली बारीक अक्षरात, हवामानामुळे फेरी रद्द झाली, अर्धवट राहिली किंवा प्रवाशाने ऐनवेळी नकार दिला तर कुठलाही परतावा मिळणार नाही. हे वाचून गप्प बसवेना.

आधीच सांगते, मी त्या छोट्या विमानांच्या विरोधात नाही. अलास्कातल्या शंभरातल्या ऐंशीहून जास्त वस्त्यांना बाहेरून रस्ताच नाही, राजधानी जुनोला सुद्धा गाडीने जाता येत नाही, बोट नाहीतर विमान. टपाल, औषधं, दूध, शाळेत शिकवायला जाणारी माणसं, दवाखान्यात निघालेली बाळंतीण, सगळं त्या छोट्या विमानांतून, म्हणजे बुश प्लेनमधून चालतं, तिथले लोक त्यात एसटीत बसावं तसे बसतात. त्यांना पर्याय नाही आणि त्याची किंमत ते मोजतात. 6 फेब्रुवारी 2025 ला उनालाक्लीटहून नोमला निघालेलं सेसना कॅराव्हॅन गोठलेल्या समुद्रावर पडलं, 10 च्या 10 माणसं गेली, त्यातले दोघं तर गावाच्या पाण्याच्या यंत्रणेचं काम करून परत निघाले होते. त्यांना जाणं भाग होतं. आम्हाला काय भाग होतं? आम्ही फोटो काढायला चाललो होतो. तुम्ही जी वस्तू विकताय ती त्या लोकांची गरज आहे आणि आपली हौस आहे, आणि हौसेला सक्ती नसते एवढी साधी गोष्ट आहे.

आता आमच्या दिवसाचं सांगते.

केचिकानला आमचं क्रूझचं जहाज लागलं तेव्हा पाऊस होता. त्यात नवल काही नाही, तिथे वर्षाला दीडशे इंचाच्या आसपास पाऊस पडतो आणि गावातले लोक त्याला थट्टेने 'लिक्विड सनशाइन' म्हणतात. आमचा स्लॉट साडेबाराचा. डॉकवर ओल्या फळ्यांवर आम्ही रेनकोट घालून उभे आणि समोर एक पायलट बाई हातपंप घेऊन विमानाच्या पायाखालच्या त्या लांबट होडग्यांमधलं पाणी उपसत होत्या, एकेका झाकणात पंप घालून, मोजून, अजिबात घाई न करता. विमान डी हॅविलँड बीव्हर, पायलट धरून सातजण बसतात. हे मॉडेल 1947 मध्ये पहिल्यांदा उडलं आणि 1967 मध्ये बनणं बंद झालं, म्हणजे सगळ्यात 'नवं' बीव्हर सुद्धा आता साठीला टेकलंय. बाबा जन्मभर मशिनीत घालवलेला माणूस, इंजिनात ऑइल घालायचं तोंड कॉकपिटच्या आतच आहे हे बघून ते एवढे खूश झाले की पाऊस विसरले. (जुनं म्हणजे धोक्याचं असं नाही हां, नीट देखभाल असली तर ती विमानं दणकट असतात. पण हे सगळं बाबांना तिथे जाऊन कळलं, तुमच्या माहितीपत्रकात फक्त 'आलिशान सी-प्लेन' असं लिहिलं होतं. आत पत्र्याचं नि कॅनव्हासचं सगळं, आलिशान काय त्यात.)

बाईंनी पंप ठेवला, मोबाइल काढला आणि म्हणाल्या, आत्ता जायचं नाही. आणि नुसतं सांगून सोडलं नाही, आम्हाला दाखवलं. अमेरिकेच्या विमान खात्याने, म्हणजे एफएएने, अलास्कात दोनशेहून जास्त ठिकाणी हवामानाचे कॅमेरे लावलेत, कोणीही बघू शकतं. स्क्रीनवर दोन फोटो शेजारी, एक स्वच्छ दिवसाचा ज्यात डोंगरांवर उंची आणि अंतरं लिहिलेली, आणि दुसरा आत्ताचा. आत्ताच्या फोटोत डोंगर नव्हतेच. नुसतं राखाडी.

माझ्यासारख्या अडाण्याला सुद्धा कळलं ते. पण पुढे जे झालं त्याची मला आजही लाज वाटते.

आमचा टूर मॅनेजर पुढे झाला आणि बाईंना समजवायला लागला की अहो पाच मिनिटांचा पाऊस आहे, लोक एवढ्या लांबून आलेत, जहाज साडेपाचला सुटतं, नंतर वेळ कुठे मिळणार. मागून एक काका मराठीत म्हणाले, बाई आहे म्हणून घाबरते, एखादा खमक्या पुरुष असता तर गेला असता. चार जण हसले. आणि मी? मी गप्प होते आणि मनात साडेतीनशे डॉलर गुणिले तीन असा हिशोब करत होते. तोंडाने बोलले नाही इतकंच, बाकी मी त्या काकांपेक्षा फार वेगळी नव्हते.

त्या बाई हलल्या नाहीत. तीन वाजता बघू म्हणाल्या. तीनला जरा उघडलं, आम्ही निघालो. ग्रुपमधल्या दोन आज्या तेवढ्यात घाबरल्या आणि आम्ही येत नाही म्हणाल्या, तर त्यांना डॉकवरच सांगण्यात आलं की पैसे गेले बरं का, विचार करा. त्यातल्या एकींनी विचार केला आणि बसल्या. अख्खी फेरी त्या डोळे मिटून होत्या. दुसऱ्या डॉकवरच थांबल्या.

मिस्टी फ्योर्ड्सच्या, म्हणजे उंच कड्यांमधल्या खाड्यांच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटं गेलो असू. दोन्ही बाजूंना कडे, खाली काळं पाणी, समोर खिंड. आणि खिंडीत ढग, कापूस कोंबून ठेवावा तसा. तेवढ्यात विमान एका बाजूच्या कड्याकडे सरकायला लागलं, झाडांचे शेंडे वेगवेगळे दिसायला लागले, आईने माझं मनगट धरलं आणि मला वाटलं की या बाई कड्याच्या जवळ कशाला चालल्यात. नंतर बाबांनी त्यांना विचारलं तेव्हा कळलं, वळायला पूर्ण दरीची रुंदी मिळावी म्हणून आधी एका कडेला जायचं असतं. मधूनच वळायला गेलं तर समोरच्या कड्याला जागा पुरत नाही. विमान आडवं झालं, खिडकीत नुसतं पाणी दिसलं, आणि आम्ही परत फिरलो. हेडफोनवर बाई एवढंच म्हणाल्या, सॉरी, आज खिंड बंद आहे.

मला तेव्हा माहीत नव्हतं की त्या वळल्या म्हणजे त्यांनी नेमकं काय केलं. घरी आल्यावर वाचत बसले.

केचिकानच्या आसपास, क्रूझवरच्या पर्यटकांना घेऊन गेलेल्या अशाच विमानांचे 2015, 2019 आणि 2021 साली मोठे अपघात झाले. 25 जून 2015 ला एला लेकजवळ एक ऑटर विमान (बीव्हरचाच मोठा भाऊ) डोंगरावर आदळलं, 9 जण गेले. 13 मे 2019 ला एक ऑटर आणि एक बीव्हर हवेतच एकमेकांवर आदळले, 6 गेले, 10 वाचले. 5 ऑगस्ट 2021 ला मिस्टी फ्योर्ड्सहून परतणारं बीव्हर पडलं, 6 जण गेले. सात वर्षांच्या आत 21 माणसं, सगळी एका गावाच्या आसपास, सगळी हौसेच्या फेरीत.

त्यातल्या 2015 च्या अपघाताचा एनटीएसबीचा अहवाल तुम्ही वाचायलाच हवा. एनटीएसबी म्हणजे तिथे अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था. त्यांनी म्हटलंय की पायलट डोळ्यांनी बघून उडवायच्या नियमाखाली चालला होता आणि ढगात शिरल्यावरही पुढे जात राहिला. पण तिथेच थांबले नाहीत ते. कंपनीत वाईट हवेत जाण्याला न बोलता मान्यता होती आणि पर्यटकांना जहाजाच्या वेळेत परत आणायचं दडपण होतं, हेही लिहिलंय. परत येताना दोन वाटा होत्या, समुद्रावरून जाणारी लांबची आणि डोंगरावरून जाणारी जवळची, पायलटने जवळची धरली. आणि डोंगर जवळ आला की ओरडणारं यंत्र विमानात होतं, पण तिथे इतकं खालून उडतात की ते सारखंच ओरडतं, म्हणून त्याचा इशारा बंद करून ठेवलेला. आपण घरात स्मोक अलार्मची बॅटरी काढून ठेवतो तसं.

आता मला सांगा, साडेबाराला आमच्या टूर मॅनेजरने डॉकवर जे केलं ते या अहवालात कुठे बसतं?

नियम तरी कितीसा आधार देतात. पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या अशा विमानाला, टॉवरचं नियंत्रण नसलेल्या भागात आणि ढग हजार फुटांच्या खाली असताना, निदान 2 मैल दिसलं पाहिजे आणि दिवसा जमिनीपासून 500 फूट वर राहिलं पाहिजे. 2 मैल ऐकायला भरपूर वाटतात. बीव्हर ताशी शंभर मैलांच्या आसपास जातं, म्हणजे जेमतेम सव्वा मिनिट. सव्वा मिनिटात समोर कडा आहे हे ओळखायचं, ठरवायचं, वळायचं. आणि त्याच वेळी डोक्यात मागे बसलेल्या सहाजणांची कुरकुर.

म्हणून माझी मुख्य तक्रार हीच. पायलटने नाही म्हटलं की तुमच्या अटींप्रमाणे नुकसान आमचं होतं, त्यामुळे आम्ही पायलटच्या मानगुटीवर बसतो. डॉकवर परत आल्यावर काय झालं सांगू? तिथल्या ऑफिसातली मुलगी स्वतःहून म्हणाली की आम्ही रद्द केलं तर पूर्ण पैसे परत देतो आणि अर्ध्यातून फिरलो तरी काही रक्कम देतो, तुमच्या एजंटकडे जमा होईल. आमच्याकडे आजपर्यंत एक डॉलर आलेला नाही. ईमेल केला तर उत्तर आलं, विमानाने उड्डाण केले असल्याने सेवा पुरवण्यात आलेली आहे. डॉकवर राहिलेल्या आजींना तर 'गैरहजर' दाखवलं. गैरहजर! छत्री घेऊन दीड तास समोर उभ्या होत्या त्या.

बाकीच्या तक्रारी पटापट सांगते, पण त्या लहान आहेत असं समजू नका.

वजन. तुमच्या फॉर्मवर वजनाचा रकाना होता आणि मॅनेजरने बसमध्ये माइकवर सांगितलं की काकू लाजू नका, पाच-दहा किलो कमी लिहिलं तरी कोण बघतंय, शंभरच्या वर लिहिलं तर जास्तीच्या सीटचे पैसे लावतात. सगळे हसले. डॉकवर काटा होता म्हणून बरं, एकेकाला बॅगेसकट उभं केलं आणि कोण कुठे बसणार ते वजनावरून ठरलं. त्यावरूनही वाद, कारण एका काकांना काकूंच्या शेजारीच बसायचं होतं. नोमच्या त्या अपघाताच्या प्राथमिक अहवालात लिहिलंय की बर्फ साचायच्या हवेत त्या विमानाला जेवढं वजन चालतं त्यापेक्षा ते सुमारे हजार पौंड जड होतं, म्हणजे साडेचारशे किलोच्या आसपास. अपघात त्याच्यामुळेच झाला असं तो अहवाल म्हणत नाही. पण लहान विमानात वजन ही चेष्टेची गोष्ट नाही एवढं कळायला अंतिम अहवाल कशाला हवा.

कपडे. 'जॅकेटं बसमध्ये ठेवा, विमानात गरम होतं.' हे वाक्य ज्याने कोणी तुमच्या मॅनेजरना शिकवलं असेल त्याला माझा नमस्कार सांगा. अलास्काचा राज्याचा कायदा आहे की विमानात प्रत्येक माणसाला आठवडाभर पुरेल एवढं खाणं, कुऱ्हाड, प्रथमोपचाराची पेटी, आग पेटवायचं साधन, मासे पकडायचे गळ, डोक्यावर घालायची मच्छरदाणी आणि मदत मागायची साधनं पाहिजेत. मासे पकडायचे गळ! कायदा करणाऱ्यांनी गृहीतच धरलंय की उतरावं लागलं तर लगेच कोणी येणार नाही. 9 ऑगस्ट 2010 ला तिथले माजी सिनेटर टेड स्टीव्हन्स ज्या ऑटरमध्ये होते ते डोंगरउतारावर पडलं, 5 गेले, 4 वाचले, आणि वाचलेल्यांना पावसात रात्र तिथेच काढावी लागली. विमानात धोक्याचा सिग्नल पाठवणारं यंत्र होतं, पण आदळल्यावर ते जागेवरून निसटलं, अँटेना तुटून वेगळी झाली आणि सिग्नल गेलाच नाही. आणि हरवलेलं विमान तिथे शोधणं किती अवघड तेही बघा, 1972 मध्ये हेल बॉग्ज आणि निक बेगिच हे दोन खासदार अँकरेजहून जुनोला निघालेल्या सेसनासकट नाहीसे झाले, 39 दिवस शोधलं, आजपर्यंत सापडले नाहीत. अशा मुलखात माझी आई कॉटनच्या कुर्त्यावर बसली होती, कारण जॅकेट बसमध्ये होतं.

माहिती. पायलट बाईंनी दार कसं उघडायचं, पट्टा कसा सोडायचा, लाइफ जॅकेट विमानाच्या आत अजिबात फुगवायचं नाही, हे सगळं इंग्रजीत नीट सांगितलं. आमच्या विमानातल्या सहापैकी तिघांना त्यातलं अवाक्षर कळलं नाही, आणि मॅनेजर त्या वेळी बाहेर ग्रुप फोटो काढत होता. असं होडग्यांवरचं विमान पाण्यात आपटलं की बहुतेक वेळा उलटं होतं. उलट्या, पाणी भरलेल्या विमानात आधीच जॅकेट फुगवलं असेल तर माणूस तरंगून विमानाच्या तळाला (उलटं झाल्यावर तो वर असतो) चिकटून बसतो, दाराकडे जाता येत नाही. हे मराठीतून पाच मिनिटांत सांगता येतं हो. मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग हे आधी का नाही सांगितलं, मी तर फुगवलंच असतं.

आणि माहितीपत्रकावरचा तो 'शंभर टक्के सुरक्षित' शिक्का. 2008 ते 2017 या काळात अलास्कातला विमान अपघातांचा दर अमेरिकेच्या बाकी भागाच्या 2.35 पट होता, हा एनटीएसबीचाच आकडा. यात सगळी विमानं आली, फक्त पर्यटकांची नव्हे, आणि बहुतेक फेऱ्या सुखरूप होतात हेही खरंच आहे, मी स्वतः परत येऊन हे टाइप करतेय. पण शंभर टक्के लिहायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

तर मागण्या.

सी-प्लेन राइड परत ऑप्शनल करा, आणि पैसे वेगळे दाखवा. पायलटने रद्द केली, अर्ध्यातून परत आणली किंवा प्रवासी शेवटच्या क्षणी डॉकवरून मागे फिरला, तिन्ही वेळी पूर्ण परतावा, विनाकटकट. तुम्हाला तो खर्च परवडत नसेल तर किंमत वाढवा, आम्ही देऊ, पण ती सुरुवातीलाच वाढवा.

जहाज सुटायच्या आधीचा शेवटचा स्लॉट घेऊ नका. दिवसातला पहिला घ्या म्हणजे पुढे ढकलायला वाव राहतो.

टूर मॅनेजरने पायलटशी हवामानावर हुज्जत घालायची नाही. हे त्याच्या नोकरीच्या अटीत लिहा. उलट ग्रुपला आदल्या रात्री सांगायचं की उद्या पायलट नाही म्हणाला तर त्याचे आभार मानून कॉफी प्यायला जायचं.

विमान कोण उडवणार त्या ऑपरेटरचं नाव बुकिंगच्या वेळी द्या. त्याला चार प्रश्न विचारा आणि उत्तरं आम्हाला लेखी द्या : डोंगराचा इशारा देणारी यंत्रणा आहे का आणि ती चालू ठेवता का, दुसरी विमानं दाखवणारी आहे का, विमान उपग्रहावरून ट्रॅक होतं का, आणि सुरक्षेची लेखी व्यवस्था, ती एसएमएस (सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिम) म्हणतात ती, सुरू केलीये का. एफएएने 2024 मध्ये नियम केलाय की अशा ऑपरेटरांनी मे 2027 पर्यंत ती आणायलाच हवी, म्हणजे विचारलं तर कोणाला राग यायचं कारण नाही. सोबत हेही लिहून द्या की तुम्ही जो ट्रॅव्हल इन्शुरन्स आमच्या गळ्यात घालता तो या फेरीला लागू आहे की नाही. मी दोनदा विचारलं, दोनदा 'चेक करून कळवतो' मिळालं.

मराठीतून सूचना, खरं वजन, अंगावर जॅकेट. यांना तर पैसेही लागत नाहीत.

मागचे पैसे आमच्या ग्रुपला परत मिळाले पाहिजेत, आणि सगळ्यात आधी त्या दोन आज्यांना, जी डॉकवर राहिली तिला आणि जी डोळे मिटून बसली तिलाही.

माझ्या मावशीने पुढच्या सीझनचा फॉर्म आणलाय, तिला ग्लेशियर बघायचेत आणि ती जाणार म्हणजे जाणार. फॉर्म भरलाय, वजन खरं लिहिलंय (तिच्याशी अर्धा तास वाद घालून), फोटो चिकटवलाय. सही करायच्या जागेच्या वर तुमची ती परताव्याची ओळ आहे. ती बदललेली दिसेपर्यंत फॉर्म माझ्या टेबलावर आहे.

तुमची,
तीनच्या फेरीतली, मागच्या सीटवरची प्रवासी